कूलर, कागद आणि जिनिंगचं गोदाम: मे महिन्यातल्या एका प्रदर्शनाचं प्रकरण

खान्देशात कापूस दसऱ्या-दिवाळीपासून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायला, येऊ लागतो आणि साधारण मार्चपर्यंत गोदामं भरलेली असतात. ती रिकामी मिळतात एप्रिल ते जून. चित्रकारांनी पदरमोड करून चालवलेल्या गॅलरीला जागा परवडते ती अशीच, हंगामाबाहेरची. त्यात या चित्रकारांपैकी बरेच जण शाळेत कलाशिक्षक असतात आणि त्यांना सलग सुटी मिळते ती मे महिन्यातच. म्हणजे जागा आणि माणसं दोन्ही मोकळी होतात नेमकी तेव्हा, जेव्हा जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांकडे सरकलेला असतो. जळगाव जिल्ह्यातल्याच फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबू आणि आसपासच्याच साहित्यातून जी रचना उभी केली, तिचे दाखले इकडे कौतुकाने दिले जातात. ते अधिवेशन डिसेंबरात भरलं होतं, हे मात्र त्या कौतुकात राहून जातं.

खाली मांडलेलं प्रकरण कुठल्या एका ठिकाणचं नाही. अशा गोदामांत जे सुटंसुटं बिघडत असतं, ते इथे एका प्रदर्शनात एकत्र आणलं आहे, म्हणजे कशातून काय झालं ते साखळीसारखं दिसेल.

मांडणी

गॅलरी जळगावात. चालवणारे सात जण: चार कलाशिक्षक, एक साइनबोर्ड रंगवणारा, एक छायाचित्रकार आणि शहाद्याकडची एक चित्रकार. जागा ६० बाय ३० फुटांची, वर पत्रा, तो पेलणाऱ्या लोखंडी कैच्या, भाजक्या विटांच्या दीड फुटी भिंती, त्यांवर चुन्याचा जुना गिलावा. एका कोपऱ्यात मुनीमजींची खोली, १२ बाय १४ फूट, तिला स्लॅब. कामं ४१: कागदावरची १८ (लाकूडठसे, जलरंग, कोळशाची रेखाटनं), कॅनव्हास १५, शिल्पं ४, जागेत रचलेली मांडणीशिल्पं ३ आणि एक व्हिडिओ. उद्घाटन आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) दोन दिवसांनी ठेवलं. हा निर्णय चांगला होता. आखाजीला माणसं गावाकडे असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, त्या दिवशी गॅलरीत कोण फिरकणार? दोन दिवसांनी मात्र सगळी घरं पाहुण्यांसकट शहरात उतरतात.

पॅनेल १२ मिमी प्लायची, ८ बाय ४ ची, मागे २ बाय २ इंची लाकडाची चौकट. ती भिंतीपासून तीन इंच पुढे उभी करून वरून कैचीला तारेने बांधली. चुन्याच्या गिलाव्यात ड्रिल मारलं की ६ मिमीच्या जागी अंगठ्याएवढं भोक पडतं आणि गिट्टी हातात येते, म्हणून भिंतीला हात न लावणं शहाणपणाचं. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, ओळ लेव्हल पाइपने धरलेली. मांडणी नीटच होती. बिघडलं ते त्यानंतर.

तिसऱ्या दिवशी

फ्रेममधल्या १८ पैकी ११ कागदांना लाटा आल्या. दोन जलरंग माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खिडकीतून पुढे येऊन काचेला टेकले. एका लाकूडठशाचा वरचा कोपरा टेपमधून सुटून आत तिरका लोंबला. कॅनव्हास संध्याकाळी ढिले आणि सकाळी ताठ. भिंतीवर चिकटवलेली कटिंग व्हिनाइलची अक्षरं डिस्टेंपरची पूड घेऊन सुटली. सनबोर्डच्या (फोमच्या हलक्या फळीच्या) नावपट्ट्या दुपदरी टेपसकट जमिनीवर. प्रोजेक्टर दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद व्हायचा. शहाद्याहून आलेल्या दोन अ‍ॅक्रिलिक चित्रांवर बबल रॅपचे गोल उमटलेले होते; ते खरं तर पहिल्याच दिवशी दिसायला हवे होते, पण कामं उतरवून घेताना कंडिशन रिपोर्ट, म्हणजे काम कोणत्या स्थितीत आलं याची नोंद, भरला गेला नव्हता.

पहिली प्रतिक्रिया अपेक्षितच: «ऊनच एवढं आहे, काय करणार.» गटातल्या एकाने फ्रेमवाल्यावर खापर फोडलं. दुसऱ्याने कॅनव्हासच्या मागच्या पाचरी (चौकटीच्या कोपऱ्यांतल्या, कॅनव्हास ताणणाऱ्या) ठोकायला घेतल्या. हे दुसरं थांबवलं गेलं हे बरं झालं. संध्याकाळी ढिला दिसणारा कॅनव्हास पाचर ठोकून ताठ केला, की रात्री हवा कोरडी झाल्यावर तो आणखी आवळतो आणि ताण सगळा कोपऱ्यांवर जातो. रंगाच्या जाड थराला तिथूनच तडे जातात. ओल-कोरड थांबेपर्यंत पाचरीला हात लावायचा नसतो.

दोष उन्हाचा नव्हता

उन्हाने कागद तापतो, पण लाटा येतात त्या ओलाव्याच्या बदलाने. कागदाचा तंतू ओल घेऊन जाडीला फुगतो, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून तंतूंची दिशा ज्या बाजूने असते तिच्या आडव्या अंगाला कागद जास्त वाढतो. २२ बाय ३० इंची कागद सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांनी बदलली तर दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतो. हाच कागद चारही बाजूंनी टेपने माउंटला आवळलेला असेल, तर वाढायला जागा नाही. मग तो पुढे फुगतो. इथे नेमकं तेच केलेलं होतं. सपाट दिसावा म्हणून चारही कडा चिकटवल्या होत्या, आणि म्हणूनच तो सपाट राहिला नाही.

पण जळगावच्या मे महिन्यात एवढा ओलावा येतो कुठून? बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. उत्तर गोदामातच होतं. आत जमिनीवर ठेवलेले दोन मोठे डेझर्ट कूलर, प्रत्येकी मिनिटाला सहा हजार घनफूट हवेचे.

कूलरचं गणित सोपं आहे. बाहेरची ४३ अंशांची कोरडी हवा चांगल्या वाळ्याच्या किंवा वुडवूलच्या पॅडमधून एकदा गेली, की ती साधारण २८-२९ अंशांवर येते आणि तिची आर्द्रता साठ टक्क्यांच्या घरात जाते. ती खोलीतून फिरून बाहेर निघून गेली तर खोली ३३-३४ अंशांवर आणि चाळीस-पन्नास टक्क्यांवर राहते. पण कूलर खोलीच्या आत असेल आणि दारं-खिडक्या बंद असतील, तर तो तीच ओली हवा पुन्हापुन्हा ओढतो. आर्द्रता सत्तरच्या वर चढते, पॅडमधलं पाणी उडायचं कमी होतं आणि गारवाही जातो. माणसं मग म्हणतात, कूलर चालत नाही, आणि उरलेली खिडकीही लावून घेतात.

इथे शटर बंद ठेवण्याचं कारण धूळ आणि झळा. कूलर आत ठेवण्याचं कारण खिडक्यांना पक्के गज. दोन्ही कारणं खरी होती, तरी परिणाम तोच. दुपारी कूलरसमोरच्या पॅनेलवर ७८ टक्के, पहाटे कूलर बंद असताना २४. रोज पन्नासहून अधिक अंकांची चढ-उतार, आणि या फेऱ्यात १८ कागद.

हे आकडे धरण्यासाठी एक स्वस्तातला डिजिटल आर्द्रतामापक पुरतो, फक्त तो आधी तपासून घ्यावा लागतो. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल एवढेच पाण्याचे थेंब घालायचे, झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवायचं. मिठाच्या अशा संपृक्त ओलीवर बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७० दाखवत असेल तर पाच मिळवून वाचायचे. मापक कूलरच्या झोतात किंवा दाराशी ठेवू नये. चित्राच्या उंचीला, पॅनेलच्या कडेला लावावा. दोन असतील तर दुसरा फ्रेमच्या मागे.

आता एक वादाचा मुद्दा. मोठ्या संग्रहालयांनी मान्य केलेली कक्षा ४० ते ६० टक्के आणि १६ ते २५ अंश अशी आहे. पत्र्याच्या गोदामात मे महिन्यात ती गाठायची तर एसी, आर्द्रतेचं यंत्र आणि चोवीस तास वीज लागेल, आणि सात जणांच्या वर्गणीतून हे होणार नाही. या आकड्यामागे धावूनच पुष्कळ जण कूलर लावतात आणि «साठ टक्के आलं» म्हणून समाधान मानतात. पंधरा दिवसांच्या प्रदर्शनात कागदाला सतत २५ टक्के सोसतं. २४ ते ७८ चा रोजचा झोका सोसत नाही. कक्षा हुकली तरी चालेल, हवा स्थिर हवी.

अजिंठा इथून तासा-दीड तासावर आहे, तिथे चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकेच लोक सोडतात ते उगाच नाही. गर्दीचा श्वास आणि घामही हवेत ओलच घालतो. उद्घाटनाच्या संध्याकाळी या गोदामातला मापकही कूलर बंद असताना वर सरकलेला दिसला असता, कोणी पाहिला असता तर.

दोन दिवस बंद ठेवून केलेली दुरुस्ती

सोमवार-मंगळवार गॅलरी बंद ठेवली आणि पहिल्यांदा मांडणीच बदलली. कागदावरची १८ कामं मुनीमजींच्या खोलीत. तिथे कूलर नाही, फक्त छताचा पंखा, एकमेव खिडकी आतून काळ्या कापडाने झाकलेली. तापमान ३६-३७, आर्द्रता २२ ते २८, दिवसरात्र जवळपास तीच. प्रेक्षक त्या खोलीत पाच मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि बारा बाय चौदाच्या खोलीत १८ कामं म्हणजे दाटी झाली. तीन कामं उतरवावी लागली. कोणाची उतरवायची यावर जो वाद झाला तो उरलेल्या सगळ्या दुरुस्तीपेक्षा लांबला. शेवटी सगळ्यात मोठ्या आकाराची तीन काढली, कलाकार कोण हे न बघता.

फ्रेम उघडून कागद मोकळे केले आणि दोन रात्री त्याच खोलीत ब्लॉटिंग पेपरच्या थरांत, वर प्लायचा तुकडा ठेवून पडू दिले. इस्त्री करायची सूचना आली होती. जलरंगावर आणि कोळशावर ती घातक, लाकूडठशावर शाई चकाकते. वजन आणि वेळ यांनीच कागद बसतो. ११ पैकी ९ बसले, दोन जलरंगांच्या मंद लाटा राहिल्याच.

परत बसवताना टेप बंद. आम्लमुक्त कागदाच्या पट्ट्या दुमडून इंचभर लांबीचे त्रिकोणी कोपरे केले, ते माउंटच्या मागच्या बोर्डला चिकटवले आणि चित्राचे चारही कोपरे त्यांत सरकवले, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिलिमीटर मोकळीक ठेवून. चित्राला गोंद कुठेच लागत नाही, आणि ज्याने आयुष्यात फ्रेम केली नाही त्यालाही अर्ध्या तासात जमतं. ज्या कामांच्या कडा हाताने फाडलेल्या आहेत आणि कडेसकट दाखवायच्या आहेत, तिथे कोपरे चालत नाहीत. तिथे वरच्या कडेला फक्त दोन जागी जपानी कागदाच्या बिजागऱ्या, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने. खळ एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी. मंद आचेवर सतत ढवळत शिजवायची, थंड झाल्यावर बारीक गाळणीतून दोनदा घासून काढायची. मे महिन्यात घरोघर कुरडयांचा चीक तयार असतो आणि तो वापरावा असं कोणालाही सुचेल, पण तो गहू दोन-तीन दिवस भिजवून आंबवलेला असतो. ते आम्ल कागदात उतरतं. तो चीक कुरडयांनाच ठेवावा.

काच आणि कागद यांत अंतर राहावं म्हणून फ्रेमच्या आतल्या खाचेत ४ मिमी जाडीच्या माउंटबोर्डच्या पट्ट्या. मागचा हार्डबोर्ड ठोकल्यावर शिवणीवर कागदी टेप, धूळ जाऊ नये म्हणून.

कूलर बाहेर नेले. उत्तरेच्या दोन खिडक्यांबाहेर अँगलचे स्टँड, कूलरचं तोंड गजांना टेकलेलं, पाठ मोकळ्या हवेकडे. ओली हवा बाहेर जायला जागा किती हवी याचा ढोबळ हिशेब असा: मिनिटाला हजार घनफुटांमागे एक ते दोन चौरस फूट. दोन कूलरना मिळून किमान बारा, बरं म्हणजे वीस. समोरच्या बाजूचं दहा फुटी शटर जमिनीपासून दोन फूट वर ठेवलं की वीस चौरस फूट मिळतात. त्या फटीला मच्छरदाणीची जाळी लावली. मलमल लावून पाहिली होती, ती हवा अडवते. झोत पॅनेलवर येऊ नये म्हणून मधल्या रांगेतली दोन पॅनेल आडवी फिरवली. त्यानंतर हॉलमध्ये उघडण्याच्या वेळात ४५ ते ५२ टक्के, तापमान ३४. रात्री आर्द्रता खाली जायचीच, पण झोका निम्म्यावर आला आणि कॅनव्हास तेवढ्यावर निभावले.

पत्र्यावर केळीच्या रोपांसाठी वापरतात ती ७५ टक्क्यांची शेडनेट, पत्र्यापासून दीड फूट वर, बांबूंवर ताणून. पत्र्याला चिकटवून टाकली तर उपयोग थोडा. मधून हवा वाहायला हवी. इथे एक नवाच घोळ झाला. छतात उजेडासाठी टाकलेले तीन पारदर्शक पत्रे होते आणि हिरव्या जाळीतून येणारा उजेड सगळ्या पांढऱ्या पॅनेलवर हिरवट पडला. त्या पत्र्यांवर आतून जाड पांढरं कापड लावून ते बंदच केले. तसंही त्यातून थेट ऊन उतरत होतं, आणि कागदावरच्या कामाला ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड देऊ नये असा नियम असताना ते आधीच बंद असायला हवे होते.

पश्चिमेची भिंत रिकामी केली. दीड फुटी वीटकाम दुपारचं ऊन साठवतं आणि उशिरापर्यंत हळूहळू आत सोडतं, म्हणजे ऊन उतरलं तरी ती भिंत गरमच. तिथे फक्त दोन लोखंडी शिल्पं राहिली.

बाकीचं

बबल रॅपचे डाग: अ‍ॅक्रिलिक रंगाचा थर उष्णतेने मऊ आणि चिकट होतो, महिन्यांपूर्वी वाळलेला असला तरी. बंद टेम्पोत दुपारभर तापलेल्या चित्रावर बबल रॅप थेट गुंडाळलेला असेल तर ठसा उमटतो आणि पुष्कळदा कायमचा राहतो. रंगाला लागून सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, त्यावर पुठ्ठा, मग बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला करून. दोनपैकी एक चित्र कलाकाराने परत नेलं.

रुईचे तंतू: कैच्यांवर हंगामभराची रुई साचलेली होती. मांडणीआधी खालून झाडू मारला होता, त्याने ती फक्त उडाली. कूलरचा झोत लागताच तंतू खाली येऊन तेलरंगाच्या ओलसर भागावर आणि अ‍ॅक्रिलिक शीटवर बसले. शीट कोरड्या फडक्याने पुसली की स्थिर विजेने आणखी ओढून घेते. कैच्या वरून खाली, व्हॅक्युम आणि ओल्या फडक्याने, पॅनेल उभी करण्याआधी साफ करायच्या. दुसरं कारण याहून मोठं आहे. रुई पेट घेते. कैचीवर टांगलेले जुने हॅलोजन त्याच दिवशी उतरवले, सगळीकडे ३००० केल्व्हिनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, एलईडी, आणि दारापाशी एबीसी पावडरची दोन अग्निशामक नळकांडी.

प्रोजेक्टर साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेले असतात. कैचीखाली, पत्र्याजवळ, त्याहून जास्त होतं आणि फिल्टर रुईने चोंदलेला. तो खाली स्टूलवर आणला, चारी बाजूंनी फूटभर मोकळं ठेवून, आणि व्हिडिओ फक्त संध्याकाळी.

नावपट्ट्या पिनांनी. भिंतीवरचा मजकूर कॅनव्हासच्या पट्टीवर छापून वरून टांगला. डिस्टेंपरवर काहीही चिकटत नाही, हा शोध दरवर्षी नव्याने लागतो.

कूलर कोणाचा

तांत्रिक दुरुस्ती दोन दिवसांत झाली. तिच्या मुळाशी दुसरंच होतं. सात जणांची पाळी रोज बदलत होती आणि प्रत्येक जण आपल्याला बरं वाटेल तसा कूलर चालवत होता. कोणी सकाळी नऊपासून, कोणी प्रेक्षक आले की, कोणी पाणी संपलं तरी नुसता पंखा. मोठ्या गॅलरीत यासाठी पगारी माणूस असतो. इथे सगळेच मालक असल्याने स्विचही सगळ्यांचा.

ठरवलं ते असं. प्रदर्शनापुरता एकच जण भिंतीचा जबाबदार, त्याचं स्वतःचं काम त्या प्रदर्शनात नसावं. साइनबोर्डवाल्याने हे घेतलं. कूलर सायंकाळी साडेपाचला सुरू, साडेनऊला बंद, एरवी कोणी हात लावायचा नाही. गॅलरीची वेळही त्यालाच जुळवली, सहा ते साडेनऊ. दुपारी एक ते चार गावातला बाजारसुद्धा ओस असतो, तेव्हा उघडं ठेवून फक्त पाळीवाला होरपळतो. शाळेच्या गटांसाठी सकाळी आठ ते दहा, पंख्यावर. दाराशी एक वही: तारीख, वेळ, हॉलचा आकडा, खोलीचा आकडा, सही. सकाळ-संध्याकाळ दोन नोंदी. वही भरली जात नाही अशी तक्रार सुरुवातीला आली, मग ती चहाच्या वर्गणीच्या वहीतच जोडली. चहाची वही कधी चुकत नाही.

काम स्वीकारताना पावती आणि कंडिशन रिपोर्ट एकाच कागदावर: मोबाइलवर पुढून-मागून फोटो, चार कोपऱ्यांचे वेगळे, आधीपासूनचा दोष शब्दांत, दोघांच्या सह्या. शहाद्याच्या चित्रांवरचे गोल वाटेत उमटले की गोदामात, हा वाद एवढ्याने मिटला असता.

तारीख बदलण्याचा विचार झाला. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम, पण गोदाम कापसाने भरलेलं आणि शिक्षक शाळेत. मंगल कार्यालय भाड्याने घ्यायचं तर तीन दिवसांपुरतंच परवडतं. म्हणून पुढच्या वेळीही मे महिनाच, पण कागदावरची कामं दहाच्या वर घ्यायची नाहीत, आणि ती मागवतानाच कळवायचं की फ्रेम गॅलरी करेल.

परतीचं मात्र लांबवता येत नाही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वळवाच्या सरी आणि मागोमाग पाऊस येतो. ओलसर हवेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद महिनाभर कोणाच्या माळ्यावर पडून राहिला की बुरशी धरतो. त्यामुळे उतरवलेली कामं एक रात्र मुनीमजींच्या कोरड्या खोलीत ठेवायची, सकाळी लवकर बांधायची, प्लास्टिक सगळ्यात बाहेरच्या थरात, आणि टेम्पो सूर्य मावळल्यावर भरायचा. पोचल्यावर त्याच दिवशी प्लास्टिक सोडायचं, हे खोक्यावर मार्करने लिहून.